टाइनकाठच्या कोळसा-नावाड्यांचे चित्र

मी एक जुने चित्र आहे. मित्रांनो, माझे कापड एका फाटक्या शिडाचे. टाइन नदीकाठच्या शील्ड्स गावात टॅबिथा गोलँड नावाच्या चित्रकर्तीने ते धुतले, चौकटीवर ताणून ठोकले आणि धुक्यातली सोनेरी सकाळ माझ्यावर उतरवली. त्या उजेडात तिने होड्यांमधून जहाजात कोळसा फेकणारे नावाडी काढले. सर्वांत पुढे फावडे उचललेला कथबर्ट.

"बाई, आभाळ काढा की! आमची थोबाडं कशाला?" तो ओरडला.

"हलू नकोस. आभाळ सोपं आहे, तुझं थोबाडच अवघड," ती म्हणाली.

पुढे टॅबिथाने मला शहरातल्या एका चित्रप्रदर्शनात नेले. तिथे चित्रे निवडणाऱ्या गृहस्थांनी माझ्या आभाळाची तोंड भरून स्तुती केली. मग म्हणाले, "ही कोळशाने माखलेली माणसं तेवढी पुसा. दर्शनी भिंत तुमची."

"मग जहाजं कोण भरणार, साहेब?" टॅबिथाने विचारले. उत्तराची वाट न पाहता तिने मला काखोटीला मारले, शील्ड्सला परत आणले आणि नावाड्यांच्या खानावळीत स्वतःच्या हाताने टांगले.

तिथे माझे फार कौतुक झाले. "कथबर्ट, पोट मात्र हुबेहूब हं!" लोक म्हणत. त्याची बायको आयझबेल खदखदून हसे.

पुढे एका हिवाळ्यात वादळात होडी उलटली आणि कथबर्ट बुडाला. त्याची दुसरी तसबीर कुठेच नव्हती. आयझबेल दर रविवारी येऊन माझ्यासमोर बसू लागली. वर्षे गेली. चुलीच्या आणि तंबाखूच्या धुराने मी काळेठिक्कर पडले. नव्या मालकाने खानावळ रंगवायला काढली आणि मला सरपणात फेकले.

आयझबेल आडवी आली. "त्यात माझा नवरा आहे."

"कुठे आहे, म्हातारे? मला तर नुसती काजळी दिसते."

"दाखवते. आठवडा दे."

पावाचा मऊ गर घेऊन ती मला रोज हलक्या हाताने पुसू लागली. बोटे आखडली की चुलीपाशी शेकायची आणि पुन्हा बसायची. चौथ्या दिवशी फावडे दिसले. सहाव्या दिवशी कथबर्टचे दात.

"आला बघ, बत्तिशी दाखवत!" ती म्हणाली आणि रडली.

मालकाने जवळ येऊन ते दात पाहिले. मग त्याने स्वतःच भिंतीत खिळा ठोकला.

सरपणातल्या ओलीने माझ्या आभाळाचा एक कोपरा मात्र कायमचा गेला. म्हणून सांगते मित्रांनो, जुनी वस्तू काळवंडली म्हणून घाईने फेकू नका, खरखरीत फडक्याने घासू नका. हलक्या हाताने पुसा. आत कोणाचे माणूस उभे असेल, सांगता येत नाही.