माझ्या पोटातलं एकच वाक्य

मी एक लॅपटॉप बोलतोय. 'बोलतोय' असं म्हणायचा मला थोडा हक्क आहे, कारण काही वर्षं मी खरोखरच एका माणसाच्या वतीनं बोललो.

आमची जात अंगानं हलकी आणि पोटानं रिकामी. आमच्यात साठवणीची जागा अगदी थोडी असते. तुम्ही लिहिलेलं, काढलेले फोटो, रेकॉर्ड केलेला आवाज, सगळं आम्ही इंटरनेटवरून कुठल्या तरी दूरच्या मोठ्या यंत्रांकडे पाठवतो आणि लागेल तेव्हा मागून आणतो. त्या दूरच्या कोठाराला क्लाउड, म्हणजे ढग, म्हणतात. मी त्या कोठाराची एक खिडकी, एवढंच.

कारखान्यात माझ्या पाठीवर नंबर चिकटवला, तेव्हाच कंपनीनं माझी शेवटची तारीखही ठरवून टाकली होती. त्या तारखेनंतर मला सुधारणा मिळणार नव्हत्या, मग माझं अंग कितीही धडधाकट असो. हे खोक्यावर कुठे लिहिलेलं नसतं आणि विकत घेताना कुणी विचारतही नाही.

मला विकत घेतलं ते धाकटीनं. दूरच्या विद्यापीठात शिकून ती नुकतीच घरी परतली होती आणि ज्ञान घराघरात पोचवायचं, एवढाच ध्यास घेऊन आली होती. घरात आई, बाबा आणि मोटारी दुरुस्त करणारा थोरला भाऊ. बाबा बस डेपोत निवेदक होते. कोणती बस कुठल्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, हे साऱ्या गावानं आयुष्यभर त्यांच्याच तोंडून ऐकलं. डेपोतले सोबती त्यांना 'भोंगा' म्हणत आणि बाबांना त्या नावाचा अभिमान होता.

त्या बाबांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढून टाकावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. जीव वाचेल, आवाज मात्र जाईल.

म्हणून मी घरात आलो. धाकटीनं सगळ्यांना समोर बसवून समजावलं. ऑपरेशनच्या आधी बाबांनी बरीच वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची. तो आवाज क्लाउडवर जाईल, तिथली यंत्रं त्यावरून बाबांचा आवाज घडवतील आणि मग बाबा जे टाइप करतील ते मी त्यांच्या आवाजात बोलेन.

थोरल्यानं मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. "म्हणजे सामान आपलं, खोली परक्याची आणि किल्ली नेटच्या वायरवाल्याकडे," तो म्हणाला.

"दादा, तुझा तो ट्रंकेएवढा कॉम्प्युटर जळाला, तेव्हा घरचे सगळे फोटो कुठे गेले?" धाकटीनं विचारलं.

थोरल्यानं मला खाली ठेवलं. आईनं मात्र एवढंच विचारलं, की वर ठेवलेला आवाज तिथे थंडीवाऱ्यात खराब तर नाही ना होणार? सगळे हसले. मला तो प्रश्न अजूनही हसण्यासारखा वाटत नाही.

रेकॉर्डिंगसाठी दाराला गोधडी लावली, पंखा बंद केला. बाबा माझ्यासमोर बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं, पाठ ताठ केली आणि वाचू लागले. काय तो आवाज! भरदार, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. 'मला भूक लागली आहे' हे वाक्यसुद्धा त्यांनी असं वाचलं, की वाटावं बस आता सुटतेच आहे. माइक समोर आला की ते निवेदकच होत. आयुष्यभराची सवय होती ती, आणि त्या क्षणी ती कुणाच्याच लक्षात आली नाही.

मधूनमधून ते तोंड वळवून आईशी काहीतरी बोलत. तेव्हा त्यांचा आवाज खाली यायचा, जरा खरखरीत, जरा ओलसर. धाकटीनं नंतर ते सगळे तुकडे कापून टाकले. खोकला, खुर्चीची करकर आणि आईशी झालेलं बोलणं. यंत्राला स्वच्छ आवाज हवा होता ना.

ऑपरेशन नीट पार पडलं. बाबांच्या गळ्याला श्वासासाठी एक छिद्र आणि त्यात नळी. शुद्धीवर आल्यावर त्यांनी टाइप केलं आणि मी साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं घोषित केलं, "मला पाणी हवे आहे."

नर्सनं मान वर न करता विचारलं, "काका, कितव्या फलाटावर आणू?"

बाबा हसले. आवाजाविना हसणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तिथेच एकदा मी पलंगावरून घसरलो आणि माझी काच फुटली. मला वाटलं, गेला यांचा आवाज. पण धाकटीनं नर्सच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर बाबांचं खातं उघडलं आणि तोच आवाज तिथून येऊ लागला. मी फुटक्या काचेनं ते ऐकत पडलो होतो. आमच्या जातीचा मोठेपणा मला त्या दिवशी कळला. शरीर फुटलं तरी काही हरवत नाही. धाकटीचा चेहरा उजळला होता, आणि थोरल्यानंही तिच्या पाठीवर थाप मारली. नवी काच घालून मी त्यांच्याबरोबरच घरी गेलो.

घरी मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात येत गेली. मी बोललो की थोरला उत्तर द्यायचा, धाकटी द्यायची, शेजारीपाजारी कौतुकानं ऐकायचे. आई उत्तर द्यायची नाही. ती बाबांच्या हाताकडे बघायची, भुवईकडे बघायची आणि त्यावरून ओळखून उठायची. धाकटीला याचं वाईट वाटत होतं. शेवटी तिनं विचारलंच.

आई भांडी पुसत होती. "हा आवाज यांचाच आहे गं," ती म्हणाली. "पण स्टँडवरचा. डेपोतून घरी यायचा तो माणूस असं नव्हता बोलत."

धाकटीनं फडकं घेतलं आणि तीही भांडी पुसू लागली. घरातला आवाज तिनं स्वतःच्या हातानं कापला होता.

मग रस्ता खणायचं काम निघालं आणि कुणाच्या तरी कुदळीनं इंटरनेटची वायर तुटली. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. बाबांच्या गळ्यातली नळी चोंदली. श्वास अडायला लागला. त्यांनी माझ्यावर टाइप केलं, पुन्हा टाइप केलं. माझी बॅटरी भरलेली होती, स्पीकर धड होता, अक्षरं पडद्यावर उमटत होती. पण आवाज माझ्याकडे नव्हताच, तो वर होता. मी फक्त दाखवलं, इंटरनेट जोडलेलं नाही. बाबांचा चेहरा काळवंडत गेला. त्यांनी उशाचा स्टीलचा पेला उचलून दारावर भिरकावला. तो आवाज ऐकून आई धावत आली आणि तिनं नळी साफ केली.

पेल्यानं जे केलं, ते मला करता आलं नाही.

संध्याकाळी थोरल्याचा पारा चढला होता. श्वास अडलेल्या माणसानं परक्याच्या दारात उभं राहून स्वतःचा आवाज मागायचा का, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. धाकटीनं या वेळी वाद घातला नाही. तिनं थोरल्याला पलंगाशी बॅटरीवर चालणारी घंटा बसवायला सांगितली. नेट परत आल्यावर रोजच्या अडीनडीची वाक्यं वरून उतरवून माझ्या त्या चिमूटभर जागेत ठेवायची, असंही तिनं ठरवलं. ती असती तर नेट नसतानाही मी 'श्वास अडलाय' एवढं तरी ओरडू शकलो असतो.

वायर जोडली गेली. ती वाक्यं शोधता शोधता धाकटीला वर पहिलं, न कापलेलं रेकॉर्डिंग सापडलं. क्लाउडला कामाचं काय आणि कचरा काय हे कळत नाही, म्हणून त्यानं सगळंच जपलं होतं. तिनं ते सहज लावलं. आधी बाबांचं खणखणीत वाचन, मग खुर्चीची करकर, आणि मग तो खालचा, खरखरीत, ओलसर आवाज.

"अगं, तू बस ना समोर. तू समोर बसलीस की घसा मोकळा होतो."

स्वयंपाकघरातून आई आली. हात पिठाचे होते. ती दारातच उभी राहिली.

धाकटीचे डोळे चमकले. असे आणखी तुकडे असतील, ती घाईघाईनं सांगू लागली, ते वर पाठवू, त्यावरून घरचा आवाज घडवता येईल, मग बाबा घरी त्याच आवाजात बोलतील. बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. मला जवळ ओढलं आणि हळूहळू टाइप केलं. ते शब्द मी त्याच भरदार, डेपोतल्या आवाजात बोललो आणि कुणालाही हसू आलं नाही.

"स्टँडवरचा आवाज सगळ्यांचा होता. तो वर राहू दे. हा हिचा आहे. हा घरात राहू दे."

धाकटीनं बाबांचं आईशी बोललेलं ते वाक्य माझ्या पोटात ठेवलं. थोरल्यानं एका पेन ड्राइव्हवर त्या साऱ्या रेकॉर्डिंगची प्रत काढून आईच्या कपाटात ठेवली. मग धाकटीनं वरचं ते मूळ रेकॉर्डिंग पुसलं; घडवलेला स्टँडवरचा आवाज वर होता तसाच राहिला. पुसताना तिचं बोट बराच वेळ हवेत थांबलं होतं. जिथे काही हरवत नाही, असं ती सांगत आली होती, तिथून ती आपल्या हातानं काहीतरी काढून घेत होती.

आता माझी ती ठरलेली तारीख उलटून गेली आहे. बाबांसाठी नवा लॅपटॉप आला आहे. नर्स असो वा दूधवाला, हा नवा लॅपटॉप सगळ्यांशी बाबांच्या स्टँडवरच्या आवाजात बोलतो, अगदी माझ्यासारखा. नेट गेलं तर लागणारी वाक्यं त्याच्या पोटातही आहेत आणि पलंगाशी घंटाही आहे. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. मला इंटरनेट लागत नाही.

माझ्यासारखा लॅपटॉप जरूर घ्या. आम्ही हलके आहोत, फुटलो तरी तुमचं काही बुडू देत नाही. फक्त घेण्याआधी एकदा घरात बसून बोला, वर काय ठेवायचं आणि हाताशी काय ठेवायचं. आणि रेकॉर्ड करताना आपल्या माणसाचं मधलं बोलणं कापू नका.

दुपारी कामं आवरली की आई मला खाली काढते, झाकण उघडते आणि एकच बटण दाबते. अगं, तू बस ना समोर. बाहेरच्या खोलीत बाबांची काठी वाजते. ते येतात, खुर्ची ओढतात. यंत्राला कधीच उत्तर न देणारी आई तेव्हाही मला उत्तर देत नाही. ती त्यांच्याकडे बघून म्हणते, "बसलेय."