राजे आपापल्या घरी जातात

माझ्या नाकावर कायम राग असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात. म्हणू देत. पडदे शिवायचं दुकान काही गोड बोलून चालत नाही. खिडकीचं माप तीनदा चुकीचं देणारं गिऱ्हाईक सांभाळून बघा आठवडाभर, मग बोला माझ्याशी.

आमचं घर सरळसोट उभं आहे. खाली दुकान, त्याच्या मागे शिवणाची मोठी खोली आणि माझी लहान. वर दादा, वहिनी आणि त्यांची तीन मुलं. त्याच्या वर धाकटा भाऊ. या धाकट्यानं चाळीस वर्षं लग्नाचं नाव काढलं नाही, आणि ऑगस्टमध्ये एकदम बायको आणि सहा वर्षांची मुलगी, दोघींना घेऊन आला. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. मुलगी तिच्या आधीच्या लग्नातली. आई येईपर्यंत ती शाळेतून थेट माझ्याकडे यायची.

पहिल्याच दिवशी ती कापायच्या टेबलाखाली शिरली. मी म्हटलं, घाबरली असेल, बसू दे. तासाभरानं बाहेर आली ती माझं मोठं लोहचुंबक हातात घेऊन. त्याला चौसष्ट टाचण्या चिकटलेल्या. मोजल्या होत्या तिनं. तेव्हापासून तिचं नाव टाचणी पडलं. अंगानंही तशीच, आणि बोलणंही तेवढंच. मला तर ती काहीच म्हणायची नाही. ‘ऐका ना’सुद्धा नाही. समोर येऊन उभी राहायची, मी मान वर करेपर्यंत.

आता नाताळाचं सांगते. दर नाताळाला दुपारी चार वाजता आमच्या शिवणाच्या खोलीत गव्हाणीचं, म्हणजे येशूच्या जन्माचं नाटक होतं. आई होती तेव्हापासून होतं, आणि नियम तिनेच घातलेले आहेत. घरची मुलं ती मरिया, योसेफ आणि कोकरू. ती सुरुवातीपासून आत असतात. मित्रमंडळींची मुलं ते तीन राजे. त्यांनी दुकानाच्या दारातून बाहेरून यायचं. या नियमामागे काही मोठा विचार नव्हता हो. पाहुणे नेहमी उशिरा यायचे, एवढंच.

गव्हाणीतलं गवत म्हणजे वर्षभर पोत्यात साठवलेली पिवळी, मातकट कात्रणं. आणि सर्वांत जुना पोशाख कोकराचा, पांढऱ्या टॉवेलच्या कापडाचा. त्याच्या आतल्या बाजूला बटणांची रांग आहे. जे मूल कोकरू होतं, त्याच्या अंगावरच्या कपड्याचं एक बटण नाटकानंतर तिथे शिवायचं. पहिलं माझं, निळं. मग दादाचं, धाकट्याचं, मग चुलत भावंडांची, मग त्यांच्या मुलांची. अकरा बटणं, एकाखाली एक, मापाची टेप धरून लावलेली. ती रांग मी कधी सुताएवढीही हलू दिलेली नाही.

यंदा दादाची जुळी मुलं मरिया आणि योसेफ होती. आठ वर्षांची, दोघंही दीडशहाणी. त्यांचा धाकटा भाऊ गोळा, वय वर्षं दोन, तो कोकरू. म्हणजे घरच्या जागा भरल्या. राजे मात्र दोनच उरले होते. आमच्या बेकरीवाल्या मित्राच्या थोरल्याला मिसरूड फुटली आणि त्यानं मुकुट घालायला साफ नकार दिला.

मग मला वाटलं, टाचणीला राजा करू! केवढा मान! एका हॉटेलच्या पडद्यातलं तांबडी मखमल उरली होती, ती मी खास राखून ठेवली होती. तिचा पायघोळ झगा शिवला, आतून रेशमी अस्तर, कडेला सोनेरी किनार. तीस वर्षांत एवढा सुंदर झगा या हातांनी शिवला नव्हता. टाचणीला टेबलावर उभी केली, तर दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ‘वा वा’ म्हटलं. तिची आई जिन्यात उभी होती. ‘‘छान झालाय, ताई,’’ एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली. मला वाटलं, लाजाळू आहे बिचारी. माझी अक्कल बघा!

खालची किनार दुमडत होते. तोंडात चार टाचण्या. आणि तोंडात टाचण्या असताना मी जे बोलते, ते फार विचार करून बोललेलं नसतं.

टाचणीनं विचारलं, ‘‘राजे नंतर कुठे जातात?’’

‘‘कुठे म्हणजे? आपापल्या घरी.’’

‘‘आणि कोकरू?’’

‘‘कोकरू कुठे जाणार? ते इथलंच. गवत कोण आवरणार मग? हलू नकोस, टोचेल.’’

ती हलली नाही. दोन दिवस रोज संध्याकाळी गवताच्या पोत्यापाशी बसून लोहचुंबक फिरवत होती. मी म्हटलं, ‘‘काय गं?’’ तर म्हणाली, ‘‘गोळ्याला टोचेल.’’ खरंच तीन टाचण्या निघाल्या. इतक्या वर्षांत माझ्या हे कधी डोक्यात आलं नव्हतं, आणि मी स्वतःला मोठी काटेकोर समजते.

नाताळाच्या दुपारी एकोणीस माणसं शिवणाच्या खोलीत दाटीवाटीनं बसली. काही खुर्च्यांवर, काही कापडाच्या ताग्यांवर. बेकरीवाला सगळ्यात पुढे, कारण मागे बसला तर मागच्यांना त्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. त्यानं आणलेला केक इस्त्रीच्या टेबलावर ठेवला होता. मी दोरी ओढली, पडदा सरकला. मरिया आणि योसेफ आधीच कुजबुजत भांडत होते. गोळा गवतात लोळत होता. सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

मग दारावर ठकठक झालं. पहिला राजा आला, दुसरा आला. बेकरीवाल्याची ही धाकटी दोघं दरवर्षीप्रमाणे एकमेकांच्या झग्यावर पाय देत आली. तिसरा राजा काही येईना.

‘‘तिसरा राजा!’’ मी दबक्या आवाजात ओरडले. मग दबका आवाज सोडून ओरडले. शेवटी तरातरा जाऊन दार उघडलं.

पायरीवर झगा होता. नीट घडी घातलेला, किनार आत, मी शिकवली होती तश्शी. त्यावर मुकुट. त्यावर राजानं बाळ येशूसाठी आणायची पेटी. मुलगी नव्हती. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा आणि थंडी मरणाची. मागे तिची आई उठून उभी राहिली. तिचा चेहरा मला अजून विसरता येत नाही. त्यात राग नव्हता. हे असं काहीतरी होणार हे तिला ठाऊकच होतं, असा तो चेहरा होता. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार महिने या घरात राहणाऱ्या लेकराला मी बाहेरून दार ठोठावायला लावलं होतं. मखमल पांघरून का होईना, पण बाहेरून!

मी तशीच चपलांवर रस्त्यात धावणार, तेवढ्यात आतून मरियाची किंकाळी आली, ‘‘आत्या, कोकरं दोन झाली!’’

घराला वळसा घालून मागच्या जिन्याच्या दारातून, पडद्याच्या पांढऱ्या अस्तराचा तुकडा पाठीवर घेऊन, कानांवर दोन मोजे बांधून, टाचणी चार पायांवर येत होती. कुणाकडे बघत नव्हती. गवतातून रांगत थेट गोळ्यापाशी गेली आणि त्याच्या शेजारी बसली. गोळ्याला काय, आनंदच. त्यानं लगेच तिचा एक कान उपटला.

योसेफ उसळला. ‘‘ए, तू राजा आहेस! बाहेर जा!’’

टाचणी माझ्याकडे बघून बोलली. आवाज बारीक, पण शेवटच्या ताग्यावर बसलेल्यालाही ऐकू गेला.

‘‘राजे घरी जातात. मी घरीच आहे.’’

माझी मान शरमेनं खाली जायला हवी होती, आणि गेलीही. पण खरं सांगते, त्याच क्षणी माझा ऊर अभिमानानं भरून आला. सहा वर्षांची पोर! रडली नाही, रुसली नाही, कुणाची तक्रार केली नाही. आमच्या घरचा नियम तिनं ऐकला, माझ्यापेक्षा नीट समजून घेतला आणि त्यातली आपली जागा स्वतः जाऊन घेतली. एवढी हिंमत या घरात माझ्या आईनंतर मी कुणात पाहिली नव्हती. स्वतःतसुद्धा नाही.

‘‘बसू दे तिला,’’ मी म्हटलं. ‘‘यंदा कोकरं दोन.’’

‘‘मग तिसरा राजा कोण?’’ योसेफ काही सोडायला तयार नव्हता.

तेव्हा बेकरीवाला उठला. ‘‘वीस वर्षं या घरात केक आणतोय,’’ तो म्हणाला, ‘‘कुणी साधं विचारलं नाही.’’ आणि बाहेर गेला. दार लावून घेतलं आणि रीतसर ठोठावलं. मी उघडलं तर मुकुट डोक्याच्या टोकावर, पायघोळ झगा जेमतेम खांद्यांपुरता, आणि चेहरा असा गंभीर की दादाला हसता हसता ठसका लागला. धाकटा भाऊ डोळे पुसत होता. त्याचे डोळे काही हसून ओले झाले नव्हते. त्याची बायको खाली बसली, आणि बसल्यावर वहिनीनं तिचा हात धरून ठेवला तो नाटक संपेपर्यंत.

केक संपला, जेवणं झाली. बेकरीवाला मुकुट घालूनच निघाला. ‘‘राजे निघाले हो!’’ असं रस्त्यात ओरडत गेला, आणि बायको ‘‘अहो, हळू!’’ म्हणत त्याच्या मागे. कोकरांनी गवत आवरलं. म्हणजे गोळ्यानं पसरलं आणि टाचणीनं आवरलं.

मग मी कोकराचा पोशाख उलटा करून मशीनपाशी बसले. गोळ्याचं बटण लावून झालं, पिवळं, बारावं. मान वर केली तर टाचणी समोर उभी. तळहातावर बटण होतं. तिच्या कोटाचं, सर्वांत वरचं. ओढून काढलं होतं, दोऱ्यासकट.

‘‘अगं, कोटाचं कशाला काढलंस? गळ्याशी वारं नाही का लागणार?’’

‘‘आज कुठे जायचं नाहीये,’’ ती म्हणाली.

मी सुई ओवली. ती वाकून बटणं बघत होती.

‘‘तुमचं कुठलं?’’

‘‘हे, निळं. पहिलं.’’

‘‘माझं याच्या शेजारी लावा.’’

शेजारी! रांग वरून खाली आहे, तेरावं बटण सर्वांत खाली यायला हवं. दादाचं थोरलेपणाचं रडगाणं ऐकूनही मी कधी त्याचं बटण वर सरकवलं नव्हतं. जुळी तर श्वास रोखून बघत होती, आता आत्या फाडकन ओरडणार म्हणून.

मी निळ्या बटणाच्या शेजारी टेकवून ते लावलं. रांग बिघडली. बिघडू दे. माझं दुकान, माझी सुई.

चार टाके घातले, गाठ मारली. डोळ्यांत पाणी आलेलं, त्यामुळे कात्री समोर असून दिसेना. मग मी सरळ दोरा दातांत धरला आणि तोडला. या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक पोराला मी ज्यावरून धारेवर धरते, नेमकं तेच केलं.

‘‘आत्या!’’ टाचणी कमरेवर हात ठेवून म्हणाली. ‘‘दोरा दातानं तोडायचा नाही!’’

चार महिन्यांत तिनं मला पहिल्यांदा हाक मारली, आणि तीही ओरडायला. माझ्यावर गेलीये पोरगी.