दार उघडणारा जमादार

सेटवर त्याला सगळे जमादारच म्हणत. खरं नाव बायकोला तेवढं ठाऊक. गुन्ह्यांच्या त्या मालिकेत इतकी वर्षं त्याचं काम एकच: दार उघडायचं, "साहेब, इकडे!" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. पुढचं सगळं इन्स्पेक्टर बघून घ्यायचा. "आज किती दारं उघडलीत?" बायको रोज विचारायची. चेष्टाच ती, पण हल्ली त्याला झोंबायला लागली होती. आयुष्यात एकदा तरी दाराच्या आत जाऊन बसावं, दोन शब्द बोलावेत, असं त्याला फार वाटे.

मग इन्स्पेक्टर झालेल्या नटाचा पाय मोडला. खराखुरा, जिन्यावरून घसरून. लेखिकाबाईंच्या डोक्यात बरेच दिवस एक खूळ होतं, त्यांनी संधी साधली. एक भाग असा करायचा, ज्यात पाठलाग नाही, खुनी नाही, ढोलताशे नाहीत. एक स्वयंपाकघर, मेलेल्या मुलाची आई आणि तिला बातमी सांगायला आलेला जमादार. अख्खा भाग एका दमात. कॅमेरा मध्ये थांबणारच नाही. निर्मात्याने कपाळाला हात लावला.

"एकदाच घेऊ," तो म्हणाला. "फसलं तर जुना भाग लावतो, आणि जमादार परत आपला दारावर."

जमादाराने धसकाच घेतला. घरी बायको शेंगा सोलत आई व्हायची, आणि हा डोक्यावर टोपी घालून तिच्यासमोर बसायचा. पाठांतर झालं, पण आधी तिचं!

चित्रीकरणाच्या सकाळी सुरुवात झकास झाली. आई झालेल्या म्हाताऱ्या नटीने त्याला खुर्ची दिली, गॅसवर दूध ठेवलं. तो अवघडून बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग म्हणाला, "आई, तुमच्या मुलाची बातमी घेऊन आलोय."

नटीने मान वर केली. आणि जमादार डोळे मोठे करून पुतळ्यासारखा थांबला.

सवय हो, दुसरं काय! या मालिकेत धक्क्याचं वाक्य आलं की असंच थांबायचं असतं. कॅमेरा तीनदा तोंडाजवळ येतो, ढोल वाजतो, कोणीतरी "कट" म्हणतं. तो वाट बघत राहिला. कट काही येईना. आज कट नाहीच, हे ध्यानात आलं तोवर पुढचं वाक्य पार उडालं होतं. पाठीवरून घाम ओघळला. संपलं, त्याला वाटलं, गेलो परत दारावर.

तेवढ्यात दूध वर यायला लागलं. घरी हे काम त्याचंच. त्याने चटकन उठून गॅस बंद केला. "उतू गेलं असतं," तो पुटपुटला. हे कागदावर कुठेच नव्हतं. कॅमेऱ्यामागे लेखिकाबाईंनी मुठी आवळल्या.

नटी मुरलेली. "अरे, चांगलं उकळू दे की," ती म्हणाली. "त्याला जाड साय लागते."

जमादाराला ते उडालेलं वाक्य आता आठवलं, मोठं आणि छापील, पण या बाईला तसलं काही सांगणं त्याला जमेना. त्याने टोपी काढून ओट्यावर ठेवली, खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"आई," तो म्हणाला, "तो आता यायचा नाही."

पुढचं सगळं आपोआप होत गेलं. कॅमेरा थांबला तेव्हा निर्माता नाक शिंकरत होता.

भाग लागला त्या संध्याकाळी नवरा-बायको शेजारी बसून बघत होते. एरवी ती मधूनच उठून भाजी ढवळून यायची; आज हलली नाही. पडद्यावरचा जमादार पुतळा झाला तशी तिने त्याला कोपराने ढोसलं.

"इथे विसरलात ना?"

"हो."

"आणि लोक म्हणतील, काय अभिनय!" ती हसली, पण आवाज ओला होता.

भाग संपतोय तोच बेल वाजली. शेजारीपाजारी असणार, बाहेर गलका ऐकू येत होता. तो सवयीने उठला. तिने बाही धरून त्याला खाली बसवलं.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "दार मी उघडते."