काढलेल्या फळ्यांची होडी

संग्रहालयाच्या दुरुस्ती विभागात एक नियम होता, तो कुठेही लिहिलेला नव्हता. काढलेली फळी फेकायची नाही. तिला नंबराचा पत्र्याचा बिल्ला ठोकून मागच्या कोठीत ठेवायची. आणि काढलेला तुकडा काढलेल्या तुकड्याला कधीही जोडायचा नाही. पहिल्या भागाचं कारण उघड होतं. दुसऱ्या भागाचं कारण विभागातल्या जुन्या सुताराने, तिच्या वडिलांनी, चाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही, आणि आता ते त्यांनाही आठवत नव्हतं.

वडिलांनंतर विभागातलं सुतारकाम तिच्याकडे आलं. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढलं होतं. घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून ती त्यांना रोज सोबत आणायची. ते खिडकीपाशी स्टुलावर बसून रंध्याचा आवाज ऐकत. वार, माणसं, जेवण झालं की नाही, सगळं पुसलं गेलं होतं. फक्त तिला ते अजून ओळखत. सकाळी डोळे उघडले की म्हणत, "आलीस?" त्या एका शब्दावर तिचा दिवस निघायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, हेही एक दिवस जाईल. त्या दिवसाची तिला धास्ती होती.

गुरुवारी अकरा वाजता एका शाळेची एकवीस मुलं त्यांच्या बाईंसोबत आली. वस्तू दाखवत मुलांना जुन्या ग्रीकांच्या तत्त्वज्ञानाची ओळख करून द्यायची, असा उपक्रम वरच्यांनी काढला होता. संग्रहालयातली जुनी होडी तिच्या ताब्यात, म्हणून होडीचा तास तिच्या गळ्यात पडला.

तिने सरळ सांगितलं. ग्रीक लोकांनी आपल्या एका वीराचं जहाज बंदरात जपून ठेवलं होतं. फळी कुजली की नवी बसवायची. होता होता सगळ्याच बदलल्या. मग तिथल्या विचारवंतांत वाद पेटला, हे जहाज तेच की दुसरं? आपल्या होडीचंही तसंच, ती म्हणाली. एकोणचाळीस फळ्या, आणि मूळची एकही नाही.

मुलं लगेच दोन गटांत फुटली. एकजण म्हणाला की त्याच्या सायकलची दोन्ही चाकं बदलली तरी भाऊ अजून ती स्वतःचीच म्हणतो, त्याला कोणीतरी हे समजावून सांगा. सगळे हसले. ती म्हणाली, असले प्रश्न आजही कोर्टात वकिलांना आणि दवाखान्यात डॉक्टरांना पडतात. आणि ते सोडवायची रीत बरीचशी त्याच ग्रीकांची: उत्तर पाठ करायचं नाही, प्रश्न उलटून पाहायचा.

पुढच्या रांगेत एक मुलगी होती, वर्गात तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणत. तिने प्रश्न उलटला. जुन्या फळ्या कुठे गेल्या? कोठीत आहेत, हे कळल्यावर ती म्हणाली, मग त्यांची होडी बनवली तर खरी कोणती?

हाही प्रश्न फार जुना होता आणि तास रंगला होता. शिकवता शिकवता तिच्या मनात नियम आला, पण त्याचं कारण आता वडिलांनाच आठवत नाही, म्हणून तिने दुर्लक्ष केलं. मुलांनी कोठीतून फळ्या आणल्या, नंबर लावून जमिनीवर मांडल्या. कडा भुसभुशीत झाल्या होत्या, तरी फळ्या खिळ्याशिवाय एकमेकींत बसत गेल्या. अर्ध्या तासात दुसरी होडी उभी राहिली. तिला कोणी टेकू दिला नव्हता. खोलीत ओल्या लाकडाचा वास सुटला.

निघताना बाईंनी दारात मुलं मोजली. बावीस. पुन्हा मोजली. बावीस. कोणीतरी दोनदा मोजलं गेलं असेल, असं म्हणून त्या गेल्या. खिडकीतून तिने पाहिलं, फाटकाबाहेर एकवीसच पडली.

ती वळली. वडील स्टुलावरून उठून जुन्या फळ्यांच्या होडीपाशी उभे होते, फळीवरून हात फिरवत. त्यांच्या मागे सहा-सात वर्षांची मुलगी बसली होती. निळा झगा, दोन वेण्या. झग्याच्या खिशाला आईने घातलेलं वेगळ्या दोऱ्याचं ठिगळ होतं. तो झगा तिचा होता, लहानपणीचा. वेण्याही तिच्याच होत्या. आठव्या वर्षी त्या कापल्या होत्या. मुलगी हसली तेव्हा तिचे कधीच पडून गेलेले पुढचे दुधाचे दात सगळे जागेवर होते.

"बाबा," मुलीवरून नजर काढून ती म्हणाली, "जेवून घेऊ या का?"

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिचा हात हातात घेतला, मनगट उजेडाकडे वळवलं आणि लाकूड तपासायचे तसं नीट तपासलं.

"काम छान झालंय," ते म्हणाले. "सांधा कुठेच दिसत नाही. कोणी केलं?"

"बाबा, मी आहे."

"हो ना," ते अदबीने म्हणाले आणि मुलीकडे वळले. "पिटुकले, थकलीस का गं?"

पिटुकली. या नावाने त्यांनी तिला तीस वर्षांत हाक मारली नव्हती.

तिला काय करायचं ते कळत होतं. तिने जुन्या फळ्यांच्या होडीतली सगळ्यात वरची फळी धरली आणि ओढली. फळी सुटली. मुलीची डावी वेणी नव्हती. कापलेली नव्हती की सुटलेली नव्हती, नुसती नव्हती. मुलगी रडली नाही. तिने फक्त त्या जागी हात नेला. दुसरी फळी सुटली तेव्हा तिची उजवी चप्पल आणि तिच्यातलं पाऊल गेलं.

वडील गुडघ्यांवर बसले. स्टुलाखाली, भुशात, हत्यारांच्या पेटीमागे शोधू लागले. "इथेच होतं," ते म्हणत होते, "आत्ता इथेच होतं." दोन वर्षांत ते कशासाठीच रडले नव्हते. आता रडत होते. अजून सदतीस फळ्या उरल्या होत्या.

तिने हिशेब केला. सगळ्या काढल्या, तर हा माणूस कदाचित उद्या सकाळी तिला "आलीस?" म्हणेल. कदाचित म्हणणार नाही, आणि मग शोधत राहील.

तिने दुसरी फळी जागेवर बसवली, मग पहिली. दोन्ही अलगद आत गेल्या. वडिलांनी मुलीची वेणी चाचपली, डोळे पुसले आणि काही घडलंच नसल्यासारखे उठले.

पाचला विभाग बंद झाला. ते दोघं हात धरून पुढे चालले, ती चार पावलं मागे. घराचं कुलूप तिने उघडलं. वडील आत जाऊन बाकावर बसले, मुलगी त्यांच्या शेजारी. ती उंबऱ्यात उभी राहिली.

"या ना, संकोच करू नका," वडील तिला म्हणाले. मग मुलीला म्हणाले, "या बाई आपल्याकडे राहणार आहेत."

मुलीने सरकून बाकावर जागा केली. तिने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "किती दिवस?"