उलटे चालणारे हात

खारूताईचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त फॉर्म भरताना लागायचं. दिसेल ते साठवते म्हणून आईनं तिला हे नाव ठेवलं होतं. इतर मुली कपडे साठवतात, ही व्हिडिओ साठवायची. नळाखाली भरत जाणारी बादली, जिन्यावरून उतरणारे शेजाऱ्यांचे बूट, दूध उतू जाण्याआधीचा क्षण. ती कलाशाळेच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे हाच तिचा अभ्यास होता. साधी दृश्यं घ्यायची, कापायची, एकमेकांत मिसळायची आणि इंटरनेटवर सोडून द्यायची. मग कुणी अनोळखी माणूस ती उचलणार, त्यांचं आणखी काहीतरी करणार आणि पुन्हा सोडून देणार.

"म्हणजे चोरांचा बाजार," आई म्हणाली होती.

"चोरी नाही गं. तिथे सगळे आपणहून देतात."

"आणि घेणारे विचारून घेतात का?"

यावर खारूताईनं "तुला नाही कळायचं" असं म्हणून वेळ मारून नेली. हे वाक्य आयुष्यात एकदा तरी आईला ऐकवल्याशिवाय माणूस मोठा होतच नाही बहुतेक.

आई शिलाई मशीनची मेकॅनिक होती. वीस वर्षं कारखान्यात काढून सहा महिन्यांपूर्वी तिनं नोकरी सोडली आणि घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम थाटलं. एक लांब टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा आणि भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेले स्क्रूड्रायव्हर, एवढाच पसारा. पहिलं मोठं काम आलं ते गणवेश शिवणाऱ्या एका वर्कशॉपकडून, आणि तेही काजाच्या मशीनचं. कोटाला बटणाचं भोक पाडून त्याची कड एका दमात शिवून काढणारी ही मशीन आईपेक्षा वयानं मोठी होती. तिचं माहितीपुस्तक केव्हाच हरवलेलं, बनवणारी कंपनी बंद पडलेली. वर्कशॉपच्या मालकीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "ही चालू करून दाखवा, मग बाकीच्या तीस मशीनची देखभाल तुमच्याकडे. नाही जमलं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल." तारीख ठरली, महिनाअखेरचा सोमवार, कारण दोनशे कोट काजांसाठी अडकून पडले होते.

पूर्वी आई कागदावर चित्रं काढत काढत मशीन उघडायची. "कागद काय घेऊन बसलीस, व्हिडिओ काढ की," हे खारूताईनंच सुचवलं, आणि फोन दिव्याच्या दांड्याला बांधूनही दिला. एक तास दहा मिनिटांचा व्हिडिओ झाला. त्यात चेहरा नाही, बोलणं नाही, फक्त आईचे हात. एकेक भाग निघतो, कॅमेऱ्याला नीट दाखवला जातो आणि अंड्यांच्या ट्रेमधल्या खळग्यात जाऊन बसतो. एकशे बासष्ट भाग. नंतर ते सगळे धुण्यासाठी रॉकेलमध्ये गेले आणि त्यांची पुरती सरमिसळ झाली. तीन भाग झिजले होते, ते लेथवाल्याकडून नवे करून यायला तीन आठवडे लागणार होते. आईला त्याची चिंता नव्हती. व्हिडिओ होता ना.

आईचा फोन भरला तेव्हा खारूताईनं तो व्हिडिओ आपल्या लॅपटॉपवर घेतला आणि फोनमधून काढून टाकला. इथवर सगळं ठीक होतं.

त्या दिवसांत खारूताईला वितळवण्याचं वेड लागलं होतं. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण नसतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं आणि मधल्या जागेत फक्त काय हललं याची नोंद. ती पूर्ण चित्रं काढून टाकली की एका व्हिडिओचे रंग दुसऱ्याच्या हालचालींवर ओढले जातात, ओल्या भिंतीवरून हात फिरवावा तसे. तिनं आईच्या हातांत उतू जाणारं दूध वितळवलं. पडद्यावर फक्त दूध दिसायचं, पण ते आईच्या बोटांसारखं वळायचं, थांबायचं, काहीतरी चिमटीत धरायचं. कलाशाळेतले सर ते पाहून "छान" म्हणाले. सर वर्षातून दोनदाच छान म्हणत, त्यामुळे खारूताई आठवडाभर हवेत होती.

शनिवारी सकाळी लेथवाल्याकडून नवे भाग आले. आईनं हात धुतले, चष्मा लावला, ट्रे पुढे ओढले.

"लाव गं तो व्हिडिओ."

खारूताईनं फाइल उघडली. दूध. तिनं पुढे सरकवली. तिथेही दूध. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत दूधच दूध. वितळवणाऱ्या प्रोग्रॅमनं नवी फाइल जुनीच्याच जागी साठवली होती. काम नेहमी कॉपीवर करायचं, हा पहिल्या वर्षाचा पहिला धडा, आणि खालच्या वर्गाला तो ही बाई स्वतः शिकवायची.

"लॅपटॉप अपडेट होतोय," ती म्हणाली. "थोडा वेळ लागेल."

पुढचा अर्धा तास तिनं आतल्या खोलीत फोन, पेन ड्राइव्ह, डिलीट केलेल्या फाइली, सगळं पालथं घातलं. मग तिला आठवलं. वितळवायच्या आधी तिनं तोच व्हिडिओ 'हात' या नावानं कच्चा माल म्हणून इंटरनेटवरच्या त्या चोरांच्या बाजारात टाकला होता. पण तिथला माल सात दिवसांनी आपोआप पुसला जायचा. त्याला तीन आठवडे होऊन गेले होते.

ती बाहेर येऊन टेबलाशी उभी राहिली. लपवावं असं एकदा मनात आलं, पण समोर आई एकेक स्क्रू पुसून ओळीनं मांडत होती. ते बघून तिला खोटं बोलवेना.

"आई, व्हिडिओ गेला."

"पुसला गेला?"

"नाही. मी... वितळवला."

एरवी दोघी यावर हसल्या असत्या. खारूताईनं दुधाचं सांगितलं, आणि सांगायला बसलेच आहे तर तुला न विचारता तुझे हात इंटरनेटवर टाकले होते, हेही सांगून टाकलं. आई ओरडली नाही. तिनं एक स्प्रिंग उचलली, उजेडात फिरवून पाहिली आणि परत ठेवली.

"पाच-सहा भाग कुठे बसतात ते आठवतं मला," ती म्हणाली. "बाकीचे मी लक्षातच ठेवले नाहीत. व्हिडिओ आहे म्हणून."

त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते. खारूताई आत गेली, दार लावून मनसोक्त रडली आणि मग तोंड धुऊन त्या चोरांच्या बाजारात लिहून आली: "माझ्या आईचे हात कुणाकडे आहेत का? तीन आठवड्यांपूर्वी टाकले होते. तिला सोमवारपर्यंत तीच मशीन जोडायची आहे आणि मूळ व्हिडिओ मी घालवलाय. कापलेले, रंगवलेले, कसेही चालतील."

दुपारपर्यंत हात यायला लागले. कुणी ते निळे केले होते, पण अकराच सेकंद. कुणी स्क्रू ट्रेत पडतानाचे आवाज जोडून त्यांचा ताल केला होता. कुणी फक्त एकच हालचाल निवडून ती एकामागून एक लावली होती. आई अंगठा ॲप्रनला पुसते आहे, पुन्हा पुसते आहे, असं एकेचाळीस वेळा.

"मी असं करते?" आईनं विचारलं. तीही आता मागे येऊन उभी होती.

"प्रत्येक स्क्रूच्या आधी."

आईनं ॲप्रनकडे पाहिलं. तिथे एक काळा डाग होता, अंगठ्याएवढा.

हे सगळं बघायला गमतीचं होतं, पण मशीन जोडायला काडीचं उपयोगी नव्हतं. चार वाजता 'झोपाळू मासा' नावाच्या कुणाचा तरी निरोप आला. "माझ्याकडे अख्खा आहे. फक्त मी तो उलटा करून ठेवलाय. त्याला नाव दिलं होतं 'दुरुस्ती'. रोज झोपताना लावतो. या हातांना कसलीच घाई नाही, ते बघून बरं वाटतं. आईंना सांगा."

फाइल उघडली. पोकळ मशीन, भरलेले ट्रे. एक भाग खळग्यातून उडून आईच्या चिमटीत आला आणि मशीनमध्ये जाऊन बसला. मग दुसरा.

"मिळाला!" खारूताई किंचाळली. "थांब, दोन मिनिटांत सुलटा करून देते."

"खबरदार हात लावशील तर!" आई म्हणाली. "मला ती जोडायचीच आहे ना? सुलटा असला की मला शेवटाकडून मागं मागं जात बघावं लागतं, मान मोडून जाते. या माशानं माझं अर्धं काम करून ठेवलंय."

आई कामाला लागली. वीस मिनिटांनी ती थांबली. एक स्प्रिंग काही केल्या बसेना. ती पडद्याजवळ गेली, चष्मा वर केला, खाली केला.

"हे हात माझे नाहीत."

"आई, असं काय करतेस!"

"भाजल्याचा डाग माझ्या डाव्या अंगठ्यावर आहे. हा बघ, याच्या उजव्यावर."

माशानं व्हिडिओ नुसता उलटा केला नव्हता, आरशासारखा फिरवलाही होता. डावीकडचं सगळं उजवीकडे. आणखी तासभर तसंच चाललं असतं तर एखादा भाग जोर लावून मोडलाच असता. खारूताई लगेच लॅपटॉपवर वाकली.

"कॉपीवर करते आहेस ना?" आईनं विचारलं.

"तीन कॉप्या केल्यात."

जोडलेलं पुन्हा काढलं आणि पहिल्यापासून सुरुवात झाली. खारूताई व्हिडिओ थांबवायची, आई भाग बसवायची, मग पुढे. रविवारी दुपारी ट्रेचे सगळे खळगे रिकामे झाले. एकही स्क्रू उरला नाही, आणि हे फार महत्त्वाचं असतं.

सोमवारी सकाळी वर्कशॉपमध्ये बाकीच्या मशीन थांबल्या होत्या. बायका वळून बघत होत्या. मालकीणबाईंनी एका कोटाची कड सुईखाली सरकवली. आईनं अंगठा ॲप्रनला पुसला, मग आपण काय केलं हे लक्षात येऊन स्वतःशीच हसली आणि पायडल दाबलं. मशीन खडखडली, सुई कड शिवत गोल फिरून आली आणि पातं खटकन खाली आलं. मालकीणबाईंनी खिशातून बटण काढलं, काजातून आत घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं.

"उद्या दुसरी पाठवते," त्या म्हणाल्या.

खारूताईचा जीव भांड्यात पडला. तिला तिथेच आईच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण मेकॅनिकच्या मुलीनं कामाच्या जागी असं करू नये म्हणून तिनं हत्यारांची पेटी उचलली. रस्त्यात मात्र ती दोनदा उगाचच हसली.

दुसऱ्या दिवशी दुसरी मशीन टेबलावर आली. खारूताईनं फोन दिव्याच्या दांड्याला बांधला, आईनं मशीन उघडली, ट्रे भरले. रॉकेलचं घमेलं तयार होतं. भाग त्यात ओतायचे तेवढे बाकी होते, आणि आई हाताची घडी घालून स्वस्थ बसून राहिली.

"काय झालं?" खारूताईनं विचारलं.

"टाक तो व्हिडिओ."

"लॅपटॉपवर घेतलाय. पेन ड्राइव्हवरही आहे."

"ते असू दे. तुझ्या त्या चोरांच्या बाजारात टाक. आणि कुणी घेतला की मला सांग, त्याशिवाय मी हे धुवायला टाकायची नाही."

खारूताईनं टाकला. मग दोघी पडद्याकडे बघत बसल्या, पाहुण्यांची वाट बघावी तशा.

"घेतला," थोड्या वेळानं ती म्हणाली. "माशानं."

"बरं झालं," आई म्हणाली आणि तिनं ट्रे घमेल्यात उलटा केला.