तोंडाले वास नाही

शनिवार. मेडशी. सकाळचे अकरा. रंगूबाई पोह्यांवर कोथिंबीर घालत होती आणि बाहेरच्या खोलीत कामरगावचे पाहुणे तिच्या मुलाला, लखनला, पाहत होते.

मुलीचे मामा शेषराव मुद्दाम लखनच्या शेजारी बसले. खांद्यावर हात. तोंड अगदी जवळ.

"कोन्ती गाडी चालवता, जवाई?"

"जीप हाय, मामाजी. मेडशी ते मालेगाव."

मामांनी हळूच श्वास आत ओढला. बायोडाट्यात 'निर्व्यसनी' लिहिलेलं असतं, तरी इकडे नाकानं खात्री करतात. दारू नाही. तंबाखू नाही. मामा खुशीत मागे टेकले.

"पोरगं सोनं हाय."

गोळीला वास नसतो.

इथे गोष्ट थांबवून काही शब्द सांगायला हवेत. रंगूबाईला ते कोणी शिकवले नाहीत.

बटन. लखन फोनवर म्हणायचा, "दोन बटनं ठेवजो." तिला वाटलं सदऱ्याची. मग धुण्यात त्याच्या खिशात झोपेच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं.

रिचार्ज. मायला समजलं म्हटल्यावर पोरांनी शब्द बदलला. गोळी तीच.

नेटवर्क. 'आज नेटवर्क नाही' म्हणजे गोळी मिळाली नाही. त्या दिवशी लखनचे हात थरथरतात, ताट भिंतीवर जातं.

दोन वर्षं ती अशी शब्दांच्या मागे फिरते आहे. एकटी. पोरगा घरात बोलतो ते आता तिलाच कळतं, आणि तिला कळतं ते कोणाला सांगायची सोय नाही.

पाहुणे साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरवून गेले.

"त्या पोरीले सांगा लागते," रंगूबाई म्हणाली.

"गप राय," जगदेव, तिचा नवरा. "लगन झालं का सुधरते."

"तुमच्या मायलेबी असंच वाटलं असन. तुमची दारू तिले मालूम होती. मले कोनी सांगतलं?"

जगदेवनं टीव्हीचा आवाज वाढवला.

मंगळवार. मालेगाव, कारंजा, तिथून जीप. रंगूबाई कामरगावला पोहोचेपर्यंत दुपार झाली. लग्न ठरलेली मुलगी, पल्लवी, अंगणात तूर निवडत होती.

"या, या, इहीनबाई!" तिची आई लिलाबाई धावत आली. "अशा एकट्याच? फोन तरी करा लागत होता! पोरी, चहा ठेव वं."

"चहा नोको. आधी आयका." रंगूबाई उंबऱ्याबाहेरच बसली. "लखन नशेच्या गोळ्या खाते. दोन साल झाले. मामानं वास घेतला, पन त्याले वास नसते."

लिलाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. जायला जागा न मिळाल्यासारखं थोडा वेळ तिथेच राहिलं.

"मंग आमी आलो तवा काहून नाही बोल्ल्या? पोहे वाढत होत्या ना चांगल्या!"

"हिंमत नोती."

पल्लवीनं सूप बाजूला ठेवलं. "मावशी, हे सांगतलं म्हनून घरी तुमचं काय होईन?"

"घरी तसंही माह्याशी कोनी बोलत नाही, बाई."

पल्लवीनं आईकडे पाहिलं नाही. फोन उचलला. "मामा, मेडशीवाल्याइले नाही म्हना... हो, मीच म्हनतो... कारन मी सांगीन, तुमी आधी नाही म्हना."

रंगूबाई परतली तेव्हा बातमी तिच्या आधी घरी पोहोचली होती. चूल थंड. लखन दारात उभा.

"तू माय हायेस का दुश्मन?"

"उद्या माह्यासंगं वाशीमले दवाखान्यात चाल. मी हाय ना."

तो जीप घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वाशीमला गेली. डॉक्टर म्हणाले, पेशंटला आणा. त्यानंतर रोज सकाळी ती लखनला विचारते, आणि तो रोज चप्पल घालतो आणि जातो. गल्लीतल्या बायका तिला पाहून बोलणं तोडतात. जाऊबाई म्हणाली, "सोताच्या पोराचं घर मोडनारी पह्यलीच पाह्यली बाप्पा." महिनाभर जगदेव तिच्याशी बोलला नाही.

मग एका सकाळी, भिंतीकडे पाहत, तो म्हणाला, "रईवारी दुसरे पाहुने येऊन राह्यले. नीट राहजो."

रंगूबाई भाकरी थापता थापता थांबली.

"कोन्त्या गावचे?" तिनं विचारलं.