बारा फुटांची दोरी

लोकांच्या अंगणात कुठलं झाड कुठे लावायचं हे सांगण्यात, नर्सरीत माझी चाळीस वर्षं गेली. आणि माझ्या पोटच्या पोराने नव्या घराच्या कुंपणाला चिकटून सुरूच्या झाडांसाठी नऊ खड्डे खणून घेतले, चार-चार फुटांवर, मला न विचारता. वर्षभरात शेजारी दिसेनासे झाले पाहिजेत, एवढंच त्याचं म्हणणं.

मी आणलेलं अंजिराचं रोप त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवलं होतं. तिथेच जागा उरली म्हणे. माझं डोकंच फिरलं.

कारण ही चूक मी स्वतः केली आहे. तो जन्मला तेव्हा सासूबाईंनी हट्ट धरला, नातवाला खिडकीतून हात घालून अंजीर तोडता आलं पाहिजे. दुनियेला शहाणपण शिकवणारी मी, घरात मात्र मान डोलावली. दहा वर्षांत मुळं गटारात शिरली, भिंतीला तडा गेला. झाड तोडलं त्या दिवशी पोरगा जेवला नाही. मी एक फांदी नर्सरीत नेऊन लावली. तिचं झाड झालं, आणि हे रोप त्याच झाडाच्या फांदीचं. पुन्हा त्याच्यावर कुऱ्हाड येऊ देणार नव्हते.

अंजिराची जागा सुरूच्या रांगेने अडवली होती; फावडं घेतलं आणि त्याच्या देखत खड्डे बुजवायला लागले. सूनबाई हसू दाबत बाजूला झाली.

"आई, घर माझं आहे," तो म्हणाला.

"आहेच की. भिंतही तुझी, गटारही तुझं. म्हणून तर."

आठ बुजवले आणि माझी दोरी काढली. नर्सरीत सगळे तिला हेडमास्तर म्हणायचे. भिंतीपासून वीस फुटांवर खुंटी ठोकली, दोरी ताणली, चुन्याच्या फक्कीने गोल आखला. मोठेपणी झाड जेवढं पसरणार तेवढी जागा आजच त्याच्या नावावर करायची, ही माझी रीत. त्याची गाडी नेमकी गोलात उभी होती.

"सावली यायला आठ वर्षं लागतील," तो म्हणाला. "तोवर तू..." आणि थांबला.

"मी नसेन म्हणून झाड भिंतीला चिकटवू?"

तो किल्ली घेऊन गाडीत बसला. रागावून निघाला, असं मला वाटलं. त्याने गाडी रस्त्यावर नेऊन लावली, परत आला आणि माझ्या हातातल्या फावड्याला हात घातला.

मी सोडलं नाही. नववा खड्डा मीच बुजवणार, म्हटलं. तू दुसरं फावडं आण आणि अंजिराचा खड्डा खण.